खुणेचं तोंड

अकरा चाळीसला फोन टेबलावर थरथरला आणि त्याच्यावर आईचं वजन आलं. अकरा किलो चारशे ग्रॅम. खाली नेहमीचं वाक्य होतं, मीच कधीतरी लिहिलेलं: आईचं वजन मर्यादेबाहेर, लक्ष द्या. आईला जाऊन पाच आठवडे आणि दोन दिवस झाले होते. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी संत्रं सोलत होतं, त्याचा वास खोलीभर होता, आणि मी फोन न उचलता त्या आकड्याकडे वरून बघत राहिले, विहिरीत डोकावून बघावं तसं. पहिला विचार इतका खुळा होता की तो लिहायलाही संकोच वाटतो. अकरा किलो म्हणजे दीड वर्षाचं मूल. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आहे आणि एवढी झाली आहे, असं मला वाटलं, आणि पापणी लवण्याइतका वेळ मला त्याचा आनंदही झाला. मग दुसरा विचार आला, शहाण्या माणसाचा. काटा अजून आईबाबांच्या घरी न्हाणीघराच्या दाराशी पडलेला आहे, घरात बाबा एकटे आहेत, त्यांनी त्याच्यावर काहीतरी ठेवलं असेल. तेवढ्यावर मला थांबता आलं असतं. संत्र्याची एक फोड कुणीतरी माझ्यापुढे केली, मी ती घेतली, तोंडात टाकली, आणि ती चावता चावता तिसरा विचार आला, जो माझ्या धंद्याचा होता. हा मेसेज आला कसा? आईची मर्यादा त्रेपन्न किलो होती. वजन त्रेपन्नच्या वर गेलं तर मेसेज यायचा. अकरा हे काही त्रेपन्नच्या वर नाही. मेसेज आला याचा अर्थ खुणेचं तोंड अजून उलटीकडेच होतं.

मी शीतगृहांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिते. कुणाच्या थंड खोलीत औषधं असतात, कुणाच्या फुलं, कुणाचे मासे. एकाला तापमान आठ अंशांच्या वर गेलं की कळायला हवं असतं, दुसऱ्याला हवेतली ओल ऐंशीच्या खाली आली की. मी या नोकरीत आले तेव्हा अशा प्रत्येक अटीसाठी कोडमध्ये वेगळा तुकडा लिहिलेला होता, तीसेक तुकडे, सगळे सख्ख्या भावंडांसारखे, फक्त मधली, मोठं की लहान ते सांगणारी, एक खूण वेगळी. मी ते सगळे काढून टाकले आणि एकच लिहिला. अट आता एका तक्त्यात राहते, एका ओळीत: काय मोजायचं, कुठल्या खुणेनं, किती. कोडमध्ये खूण कुठेच नाही. ते चालू असताना ओळ वाचतं, ओळीत ‘मोठं’ लिहिलेलं असेल तर पेटीतून मोठ्याची तुलना उचलतं, ‘लहान’ असेल तर लहानाची, आणि ती उचललेली तुलना त्या दोन आकड्यांवर ठेवतं. सुतार पटाशी उचलतो तसं. तुलना हीसुद्धा एक वस्तू आहे, ती एका हातातून दुसऱ्या हातात देता येते, याचा मला त्या दिवसांत फार आनंद व्हायचा. आता नवं गिऱ्हाईक आलं की कोडला हात लावावा लागत नाही. तक्त्यात एक शब्द बदलला की झालं. आमच्याकडे एक तपासनीस आहे, त्याचं प्रत्येक वाक्य ‘पण’नं सुरू होतं म्हणून त्याला सगळे पणपरंतु म्हणतात. त्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पण कोडमधली खूण फिरवायची तर दोन जणांनी वाचून हो म्हणावं लागतं, आणि तक्त्यातली फिरवायला एक अंगठा पुरतो. सगळे हसले, मी सर्वांत जास्त. त्याच्या लग्नात मुलीकडच्यांनी होकार दिल्यावरही तो ‘पण’ म्हणाला होता, असं कुणीतरी म्हणालं.

घरी हे माझं काम एकट्या आईला कळलं होतं. आई एकतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होती. तिच्या टेबलावर दिवसाला हजारभर पोलादी कड्या यायच्या आणि तिच्या हातात एक गेज असायचं, वीतभर लांबीची दांडी, दोन टोकांची. एक टोक कडीच्या भोकात जायलाच हवं. दुसरं, लाल पट्टीचं, जायलाच नको. गेलं, नाही गेलं, गेलं, नाही गेलं, एकतीस वर्षं. झिजलं म्हणून बाद केलेलं एक गेज तिने घरी आणलं होतं, ते एका भंगार कडीसोबत स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात असायचं. लहानपणी मी लाल टोक कडीत घालायला बघायचे, दात-ओठ खाऊन, आणि ते गेलं की तिला दाखवायला धावायचे. ती म्हणायची, “जोर लावला तर काहीही जातं. म्हणून तर जोर लावायचा नसतो.” कड्या झाल्या की दांडे यायचे आणि दांड्यांचं सगळं उलटं. दांडा जाड निघाला तर हरकत नाही, घासून बारीक करता येतो. बारीक निघाला तर भंगार. कडीचं भोक लहान निघालं तर वाढवता येतं. मोठं झालं तर भंगार. तोच एक आकडा इथे चांगला, तिथे वाईट. आकडा मुका असतो, असं ती म्हणायची, त्याला तोंड आपण द्यायचं. मोठी होत असताना या तोंडांचा मला राग यायचा. चुलतबहिणीला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले की आई म्हणायची, मार्कांचं काय घेऊन बसलीस, तिची दशा बघ, फुंकर मारली तर उडेल. पुढच्या वर्षी मला जास्त मिळाले तेव्हा तब्येतीचा विषयच निघाला नाही. मी तिला पकडलं. म्हटलं, तू माणूस बघून खूण बदलतेस. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घडी मोडू न देता म्हणाली, “मग? सगळ्यांना एकाच गेजनं तपासू?” मला ते तेव्हा लबाडीचं वाटलं होतं. पुढे मी तेच कोडमध्ये लिहिलं आणि त्याबद्दल माझा पगार वाढला.

तिचं हृदय थकलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की शरीरात पाणी साठत जाईल, आणि ते सगळ्यांत आधी काट्याला कळेल, आपल्याला नंतर. कोरडं वजन एकावन्न. त्रेपन्नच्या वर गेलं की त्याच दिवशी फोन करायचा, दुसऱ्या दिवशी नाही. मी आकडा फोनवर पाठवणारा काटा आणला आणि एका रविवारी, आमच्या कामातलाच तो तुकडा घेऊन, आईसाठी एक छोटा तक्ता मांडला. त्यात एकच ओळ: वजन, मोठं, त्रेपन्न. ती रोज सकाळी सव्वासहाला अनवाणी, चहाच्या आधी, काट्यावर उभी राहायची. त्या रविवारी ती माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती, चष्मा कपाळावर ठेवून, कारण जवळचं तिला चष्म्याशिवाय दिसायचं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे समोर दांडा आहे की कडी, ते कामाच्या वेळीच ठरणार. मी म्हटलं, अगदी तसंच. मग तिने विचारलं, “आणि कुणी दांड्याच्या जागी कडी लिहून ठेवलं तर?” तर ते तसंच मोजेल, मी म्हटलं, निमूटपणे. “म्हणजे सांगकाम्या,” आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, पण तुझ्या हातचा आहे, चालेल. मी तेव्हा काट्याची फोनशी जोडणी शोधत होते, मान वर केली नाही. त्या वाक्याकडे माझं लक्ष आता जातं.

पहिले सात महिने मेसेज तीनदा आला, तिन्ही वेळा गोळी वाढवली, तिन्ही वेळा पाणी उतरलं. मी ऑफिसात सांगत सुटले होते. मग चौथ्यांदा पाणी उतरवताना ते जरा जास्तच उतरलं. वजन अठ्ठेचाळीस सहाशे झालं, आई न्हाणीघरात चक्कर येऊन बसली, तीन दिवस दवाखान्यात काढले. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दहा दिवस उलटी काळजी घ्या. अठ्ठेचाळीसच्या खाली येऊ देऊ नका. मी औषधांच्या खिडकीसमोर रांगेत उभी होते. हातात पिशवी, काखेत आईची फाईल, एक अंगठा मोकळा. नवी ओळ घालायला हवी होती, ते मला तेव्हाही माहीत होतं. पहिली तशीच ठेवायची आणि तिच्याखाली दुसरी. पण नव्या ओळीसाठी सहा गोष्टी भराव्या लागतात, तसा तो अर्ज मीच केलेला आहे, आणि माझा नंबर पुकारला जात होता. मी आहे त्याच ओळीत ‘मोठं’चं ‘लहान’ केलं आणि त्रेपन्नचे अठ्ठेचाळीस. दहा दिवसांत वजन वाढणार कुठून, असा विचार केल्याचं मला आठवतं. दहाव्या दिवसाची आठवणही लावून ठेवली: खूण परत फिरव. ती आठवण दहाव्या दिवशी सकाळी दहा वाजता आली. त्या दिवशी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे आमचं नवं काम चालू व्हायचं होतं, सहा जण एका पडद्याभोवती उभे होतो, आणि मी ती खाली ढकलली. आठवणीखाली दोन बटणं असतात. ‘नंतर’ आणि ‘झालं’. मी ‘झालं’ दाबलं.

हे सगळं मला त्या अकरा चाळीसच्या मेसेजपर्यंत माहीत नव्हतं का? माहीत असणं आणि त्याच्याकडे बघणं यांत किती अंतर ठेवता येतं, ते मी पाच आठवड्यांत शिकले होते. आई गेली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, असं होतं. त्या दोन शब्दांखाली मी छत्रीखाली राहावं तशी राहत होते. मेसेज आला नाही म्हणजे वजन वाढलं नसेल, पाणी एका रात्रीत चढलं असेल, असंही होतं. संत्र्याची बी तोंडात राहिली होती. ती हातात काढून मी तक्ता उघडला. वजन, लहान, अठ्ठेचाळीस. खाली आकड्यांची रांग होती, रोजचा एक, सव्वासहाचा. आई एक दिवसही चुकलेली नव्हती. शेवटचे सहा असे होते: एकावन्न दोनशे, बावन्न, त्रेपन्न शंभर, त्रेपन्न नऊशे, चौपन्न आठशे, पंचावन्न सहाशे. सातव्या दिवशी सकाळी तिला श्वास घेता येईना म्हणून दवाखान्याची गाडी बोलावली होती. म्हणजे तिसऱ्या दिवशी आकड्याने रेघ ओलांडली होती. ओलांडून तो चार दिवस तिथे उभा होता आणि माझा सांगकाम्या त्याला रोज सकाळी विचारत होता, तू अठ्ठेचाळीसपेक्षा लहान आहेस का? आकडा म्हणत होता, नाही. बरं, म्हणून तो गप्प बसत होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी तो कोडचा तुकडाही उघडून वाचला, अकरा ओळी, त्यांतल्या एकाही ओळीत बोट ठेवावं असं काही नव्हतं. इतकं नीट काम मी पुन्हा कधी केलेलं नाही. उठले तेव्हा पणपरंतु समोरून येत होता. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, तो थांबला. मी म्हटलं, बाबांकडे जाऊन येते. “जा,” तो म्हणाला, “पण—” त्याचा अर्धा राहिलेला ‘पण’ मी पहिल्यांदाच ऐकला.

बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर दुकानं, त्यांच्या पाट्या, एक माणूस शिडीवर चढून दिव्याची काच पुसत होता. चार दिवस होते, असं वाक्य डोक्यात फिरत होतं, चाकांच्या आवाजात बसेल असं, आणि मी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. मी विचार करत होते तो बाबांचा. त्यांना सांगायचं का? बाबा शहरात चौतीस वर्षं बस चालवत होते. आई गेल्यापासून ते फार थोडं बोलतात आणि जे बोलतात ते वस्तूंबद्दल: नळ गळतो, दाराची कडी सैल झाली आहे. मी न सांगितलं तर त्यांच्यापाशी निदान ‘असं होतं’ उरेल. सांगितलं तर त्यांना पोरगी उरेल, पण कशी? त्यांनी मला कधी मारलेलं नाही. एकदा मी त्यांच्या गाडीच्या किल्ल्या हरवल्या होत्या तेव्हाही नुसतं खाली बसून माझ्याबरोबर शोधत राहिले होते. न सांगण्याच्या बाजूची कारणं मी एकेक मोजत गेले आणि ती सगळी चांगली निघाली, आणि माझ्या लक्षात आलं की मी खूण आधी निवडली आहे आणि आकडे मागून आणते आहे. उतरायचा थांबा गेला. पुढच्या थांब्यावर उतरून मी मागे चालत आले.

दार उघडंच होतं. काट्यावर एक निळी पिशवी उभी होती, तोंड दोरीने बांधलेलं, तिच्यातून आईच्या करड्या स्वेटरची बाही थोडी बाहेर आली होती. बाबा जमिनीवर बसून दुसरी पिशवी भरत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, जुने कपडे नेणाऱ्यांची गाडी येणार आहे, फोनवरची बाई म्हणाली बारा किलोच्या वर एक पिशवी नको, उचलणाऱ्याची पाठ जाते. म्हणून वजन केलं. अकरा चारशे भरलं. बरोबर आहे ना? मी म्हटलं, बरोबर आहे. मी त्यांच्यासमोर बसले. आईच्या कपड्यांना कपाटाचा वास होता, आईचा नव्हता, ते एक बरं झालं. मी वाक्य जुळवत होते तेवढ्यात बाबाच म्हणाले, आलीस ते बरं केलंस, तुझ्याशी एक बोलायचं होतं. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेऊन आले. ते आईच्या जाण्याच्या महिन्यावरच थांबलेलं होतं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक आकडा होता, आईच्या कारखान्यातल्या अक्षरात, चारला टोपी असलेला. काटा मला आकडे पाठवत होता त्याच वेळी ती स्वतःही लिहून ठेवत होती. अर्थात ठेवत असणार. एकतीस वर्षांत तिने एका मापावर दुसऱ्या मापाशिवाय कधी विश्वास ठेवला नव्हता. शेवटच्या सहा चौकोनांत मला पाठ झालेलेच आकडे होते. तिसऱ्याखाली तिने लाल पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली होती, गेजच्या नको त्या टोकावर असते तशी.

बाबा कॅलेंडरकडे बघत बोलले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, अहो, चपला घट्ट होतायत, डॉक्टरांना फोन करू का? “मी विचारलं, पोरीचं मशीन काही बोललं का? म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग दिवा लागला नसताना गाडी कशाला थांबवायची.” त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. आयुष्यभर तेच केलं, ते म्हणाले. समोरच्या फळीवर लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची, नाही लागला की चालवायची. उतारू म्हणायचे, काहीतरी वास येतोय. मी म्हणायचो, दिवा नाही ना लागला? मी विचारलं, मग आई काय म्हणाली? “हसली. म्हणाली, ते पण खरंच. तिच्या हातचं आहे, ते चुकायचं नाही. आणि पेन्सिल ठेवून दिली.” मग बराच वेळ ते स्वेटरची ती बाही पिशवीत कोंबत राहिले आणि ती पुन्हा बाहेर येत राहिली. म्हणाले, “मी अडवलं तिला. नाहीतर तिने केला असता फोन. तुला सांगायचं राहिलं होतं ते.”

पाच आठवडे त्या घरात ते वाक्य त्यांच्याबरोबर जेवत होतं. नळाबद्दल आणि कडीबद्दल आम्ही बोलायचो तेव्हा ते तिथेच असायचं. मी काही बोलले नसते तर ते त्यांच्यापाशीच राहिलं असतं, अखेरपर्यंत, आणि त्याला उत्तर म्हणून मी ‘असं होतं’ म्हणू शकले असते. डॉक्टरीणबाईंचेच शब्द, थोडे वापरलेले. मी म्हटलं, “बाबा, मशीन बोललं नाही कारण मी त्याचं तोंड उलटं करून ठेवलं होतं. वाढलं तर बोलू नको, कमी झालं तर बोल, असं. दहा दिवसांसाठी केलं होतं. परत फिरवायचं विसरले.” विसरले हा शब्द पुरा खरा नव्हता, म्हणून मी त्या दोन बटणांबद्दलही सांगितलं. रांगेबद्दल नाही सांगितलं. ती सबब झाली असती. बाबा ऐकत होते. त्यांचा अंगठा कॅलेंडरच्या कडेवरून वर-खाली फिरत होता. मग विचारलं, “किती दिवस उलटं होतं?” मी म्हटलं, गाडी बोलावली त्या दिवसापर्यंत एकोणतीस. “आणि आत्ता?” आत्ताही आहे. म्हणूनच पिशवी ठेवल्यावर मला कळलं.

तुझं काही चुकलं नाही, असं ते म्हणाले नाहीत. मीही त्यांना तसं म्हटलं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ करत होतं. मग बाबांनी चष्मा लावला आणि म्हणाले, दाखव. मी फोनवर ती ओळ उघडली. त्यांनी ती बोटाखाली धरून शाळेतल्यासारखी वाचली: वजन, लहान, अठ्ठेचाळीस. हे फिरवायचं कसं, त्यांनी विचारलं. मी हात पुढे केला तर म्हणाले, “तू नको. सांग नुसतं.” त्यांचा अंगठा चौतीस वर्षं जाड चाकावर राहिलेला, त्या एवढ्याशा शब्दावर तो नीट बसेना. पहिल्यांदा भलतंच उघडलं, दुसऱ्यांदा फोन काळा झाला, तिसऱ्यांदा ‘लहान’चं ‘मोठं’ झालं. मग त्यांनी अठ्ठेचाळीस पुसले आणि एकेक आकडा दाबून त्रेपन्न केले. आता? मी म्हटलं, आता आईचं वजन त्रेपन्नच्या वर गेलं तर मेसेज येईल. ते वाक्य बोलून झाल्यावर मला ऐकू आलं. बाबा उठले, निळी पिशवी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली, पायांतल्या चपला काढल्या आणि काट्यावर उभे राहिले. सरळ, हात शरीराला लावून, कुणी त्यांची उंची मोजत असल्यासारखे. माझ्या हातात फोन थरथरला. एकसष्ट किलो दोनशे ग्रॅम. आईचं वजन मर्यादेबाहेर, लक्ष द्या. मी तो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चष्मा काढला.

“बोलतं की,” बाबा म्हणाले.

त्यानंतर रोज सकाळी सव्वासहाला फोन थरथरतो. मी जागी असते किंवा त्याने होते. आईचं वजन मर्यादेबाहेर, लक्ष द्या, आणि बाबांचा आकडा. हे बंद करायला हवं, निदान त्या ओळीतलं नाव बदलायला हवं, असं आम्हा दोघांपैकी कुणीच म्हटलेलं नाही. बोलणं पूर्वीइतकंच होतं. नळ दुरुस्त झाला. त्या दुपारबद्दल आम्ही परत बोललो नाही, आणि माझ्याकडे बघताना बाबांची नजर किंचित उशिरा वर येते असं मला वाटतं, ते खरं असेल किंवा मी तसं मोजत असेन. महिनाभर आकडा एकसष्टच्या आसपास होता. मग साठ चारशे झाला, मग साठ, मग एकोणसाठ तीनशे. मी फोन करून विचारलं, तुम्ही जेवता ना नीट? ते म्हणाले, जेवत नाही असं कुणी सांगितलं? मशीन तर रोज वाढलं म्हणूनच ओरडतंय. मी म्हटलं, त्याला तेवढंच येतं. पलीकडे ते थोडे हसले असावेत.

तो फोन केला त्या दिवशी ऑफिसात गेल्यावर मी सगळ्यांत आधी तो छोटा तक्ता उघडला. आईच्या ओळीला हात लावला नाही. तिच्याखाली नवी ओळ घेतली: कोणाचं, काय मोजायचं, कुठल्या खुणेनं, किती, कधीपासून, कुणाला कळवायचं. बाबा, वजन, लहान, अठ्ठावन्न, आजपासून, मला. मग पणपरंतुला बोलावलं आणि म्हटलं, घरचं आहे, पण एकदा वाचून हो म्हण. त्याने उभ्यानेच वाचलं. वरची ओळ वाचली, तिच्यातलं नाव वाचलं, आईला जाऊन किती दिवस झाले ते त्याला माहीत होतं. खालची वाचली. खुणेवर बोट ठेवून मला विचारलं, खाली गेलं तर, ना? मी म्हटलं, हो. तो हो म्हणाला आणि गेला. मी ओळ जतन केली. अशी ओळ केव्हा उघडली आणि केव्हा जतन केली, दोन्ही वेळा तक्ता खाली बारीक अक्षरात लिहून ठेवतो, तीही सोय मीच करून ठेवलेली आहे. त्या दोन वेळांमध्ये त्याचं वाचणं धरून दोन मिनिटांचं अंतर होतं. त्याचं वाचणं वजा केलं तर, रांगेत टाळले होते तसे सहा रकाने भरायला मला चाळीस सेकंद लागले होते.